स्टेंट: कुणाला उशिरा, कुणाला उगाच

जालना जिल्ह्यातल्या अंबडहून हृदयाच्या उपचारासाठी बाहेर पडणारे पेशंट ढोबळ मानाने दोन प्रकारचे असतात. एकाला पहाटे छातीत कळ निघालेली असते, अंगाला दरदरून घाम सुटलेला असतो, घरच्यांनी आधी गॅस झाला असेल म्हणून सोडा पाजलेला असतो आणि मग गाडीची शोधाशोध सुरू होते. दुसऱ्याच्या बाबतीत इतकी धावपळ नसते. चढावर थोडा दम लागतो, कधी तोही लागत नाही. एखाद्या शिबिरात ईसीजीची पट्टी काढली, पट्टीत काहीतरी दिसलं, शहरात जाऊन अँजिओग्राफी झाली आणि कागदावर ‘सत्तर टक्के ब्लॉक’ असं लिहून आलं. दोघांच्याही फाइलवर पुढे स्टेंट लिहिलेला असतो. गावात परत आल्यावर दोघांचीही विचारपूस सारखीच होते: किती टाकले?

गेल्या तीन-साडेतीन दशकांत स्टेंटवर जगभर मोठमोठे अभ्यास झाले. ते सगळे समोर ठेवून पाहिले तर या दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिल्याचा जीव स्टेंटने वाचू शकतो, पण तो वेळेत मिळाला तर. दुसऱ्याचं आयुष्य त्याने सहसा वाढत नाही. छातीत दुखत असेल तर ते दुखणं कमी होतं. आणि आपल्याकडे नेमकं उलटं घडताना दिसतं. ज्याला घाई हवी त्याला उशीर होतो आणि ज्याला सावकाश विचार करायला सवड आहे त्याला घाई केली जाते. स्टेंटबद्दल सरसकट चांगलं किंवा सरसकट वाईट बोलणाऱ्या दोन्ही बाजूंना ही तफावत दिसत नाही, म्हणून हा आढावा.

सुरुवात फुग्यापासून झाली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी ३८ वर्षांच्या एका माणसाच्या हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत बारीक नळीतून फुगा नेला, तो फुगवला आणि वाट मोकळी केली. छाती उघडावी लागली नाही. यालाच अँजिओप्लास्टी म्हणतात. मात्र फुग्याचे दोन दोष लवकरच लक्षात आले. कधी कधी फुगा काढताच रक्तवाहिनी मिटायची आणि पेशंटला तातडीने बायपाससाठी न्यावं लागायचं. आणि जिथे सगळं नीट पार पडलं, तिथेही बऱ्याच जणांची तीच जागा काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. म्हणून धातूची जाळीदार नळी आत कायमची ठेवण्याची कल्पना पुढे आली. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे जाक प्युएल यांनी आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे उलरिश सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयात पहिले स्टेंट बसवले. सुरुवातीचे स्टेंट स्टेनलेस स्टीलचे होते. पुढे कोबाल्ट-क्रोमियमचे आले, कारण त्या मिश्रधातूची तार आणखी बारीक ठेवूनही ताकद टिकते.

१९९४ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि स्टेंट सर्रास वापरात आला. युरोपातल्या ‘बेनेस्टेंट’मध्ये नुसता फुगा वापरलेल्यांपैकी ३२ टक्क्यांची जागा पुन्हा अरुंद झाली, स्टेंट घातलेल्यांपैकी २२ टक्क्यांची. अमेरिकेतल्या ‘स्ट्रेस’मध्ये हेच आकडे ४२ आणि ३२ च्या घरात होते. पण मृत्यूच्या संख्येत या अभ्यासांनी फरक दाखवला नव्हता. पुढच्या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. स्टेंटवर पेशींचा थर वाढू नये म्हणून औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले. २००२ च्या ‘राव्हेल’ अभ्यासात साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के जणांची जागा पुन्हा अरुंद झाली होती. लेपाच्या गटात एकाचीही नाही. जगभर आनंद झाला. २००६ मध्ये धोक्याची घंटा वाजली: या लेपाच्या स्टेंटमध्ये वर्ष-दोन वर्षांनीसुद्धा अचानक गुठळी होऊ शकते. नव्या पिढीच्या स्टेंटनी तो धोका बराच कमी केला. शेवटी नॉर्वेने ९,०१३ पेशंटवर सहा वर्षं केलेला ‘नॉर्स्टेंट’ अभ्यास २०१६ मध्ये आला. मृत्यू किंवा हार्ट ॲटॅक लेपाच्या स्टेंटवाल्यांत १६.६ टक्के, साध्या स्टेंटवाल्यांत १७.१ टक्के. म्हणजे जवळपास सारखेच. पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावं लागण्याचं प्रमाण मात्र १९.८ वरून १६.५ टक्क्यांवर आलं. नवा, महागडा स्टेंट पुन्हा दवाखान्यात जाण्याची वेळ कमी आणतो. साध्या स्टेंटपेक्षा आयुष्याची दोरी लांबवतो असं या अभ्यासात दिसलं नाही.

आता पहिल्या पेशंटकडे येऊ. इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावासाठी सगळ्यात जास्त जीव याच ठिकाणी वाचवता येतात.

मोठा ॲटॅक येतो तेव्हा रक्तवाहिनीतली चरबीची गाठ फुटलेली असते, त्यावर रक्ताची गुठळी धरलेली असते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळणं बंद झालेलं असतं. मिनिटागणिक स्नायू मरत असतो. अशा वेळी थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी घालायच्या खोलीत, नेऊन अँजिओप्लास्टी केली तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनपेक्षा ती सरस ठरते, हे २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या २३ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत ठसठशीत दिसलं. ७,७३९ पेशंटांमध्ये सुरुवातीच्या काळातले मृत्यू इंजेक्शनच्या गटात ९ टक्के, अँजिओप्लास्टीच्या गटात ७ टक्के होते. दुसरा ॲटॅक येण्याचं प्रमाणही निम्म्याहून कमी झालं आणि पक्षाघातही कमी झाले. हा फायदा खरा आहे, मोलाचा आहे. या अभ्यासांतले पेशंट मात्र कॅथलॅब असलेल्या किंवा तिच्यापर्यंत लवकर पोहोचवणाऱ्या व्यवस्थेतले होते.

आपल्याकडची स्थिती ‘क्रिएट’ या नोंदणीतून कळली. ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांमधल्या २०,४६८ पेशंटांची ती नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागणारा मध्यम वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास! पोहोचल्यावर इंजेक्शन मिळायला मात्र ५० मिनिटं पुरत होती. पेशंटांचं सरासरी वय ५७.५ वर्षं, म्हणजे घर चालवणारी माणसं. आणि मन अस्वस्थ करणारा आकडा पुढचा आहे: तीस दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण सुस्थितीतल्यांमध्ये ५.५ टक्के, गरिबांमध्ये ८.२ टक्के. संशोधकांनी मिळालेल्या उपचारांचा फरक हिशेबात धरला तेव्हा ही दरी मिटली. गरिबांचं हृदय वेगळं नव्हतं. त्यांना औषधं कमी मिळाली होती.

अंबडचा नकाशा या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. जालना पंचवीस-तीस किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर सत्तर-ऐंशी. मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्याची खात्री असेल तरच थेट कॅथलॅबची वाट धरावी. नसेल तर इंजेक्शन आधी, आणि तेही निदानानंतर दहा मिनिटांच्या आत. अंतर पाहिलं तर दोन तासांत जमेल असं वाटतं. पण घड्याळ रस्त्यावरच्या किलोमीटरांवर चालत नाही. गोदाकाठच्या एखाद्या गावातून किंवा उसाच्या फडातून आधी अंबडला येणं, मग गाडी मिळणं, शहरात एका दवाखान्यातून ‘इथे बेड नाही’ म्हणून दुसऱ्याकडे जाणं, कागदपत्रं, रेशनकार्ड, रात्री कॅथलॅबची माणसं घरून येणं, असे तुकडे जोडत गेलं की दोन तास कधीच मागे पडतात. त्या वेळात कुणी साधं इंजेक्शनही दिलेलं नसेल तर पेशंटने दोन्ही उपचार गमावलेले असतात.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला दुय्यम समजण्याची आपली सवय सोडायला हवी. १९८६ च्या इटलीतल्या ‘गिसी’ अभ्यासात ११ हजारांहून जास्त पेशंट होते. स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांमध्ये मृत्यू १०.७ टक्के, न मिळालेल्यांमध्ये १३ टक्के. पण ज्यांना दुखणं सुरू झाल्यापासून एका तासाच्या आत ते मिळालं त्यांच्यात मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले. १९८८ च्या ‘आयसिस-२’ने १७,१८७ पेशंटांवर दाखवलं की नुसत्या ॲस्पिरिनने मृत्यू २३ टक्क्यांनी कमी होतात आणि दोन्ही औषधं मिळून ४२ टक्क्यांनी. ॲस्पिरिनची गोळी काही रुपयांत मिळते. इतकं स्वस्त आणि इतकं परिणामकारक औषध वैद्यकशास्त्रात फार कमी वेळा हाती लागतं.

२०१३ चा ‘स्ट्रीम’ अभ्यास तर जणू अंबडसारख्या गावांसाठीच केल्यासारखा आहे. ज्यांना तासाभरात अँजिओप्लास्टी मिळणार नव्हती अशा १,८९२ पेशंटांचे त्यात दोन गट केले. एका गटाला टेनेक्टेप्लेज हे एकदाच शिरेतून द्यायचं इंजेक्शन लगेच दिलं आणि सावकाश मोठ्या रुग्णालयात हलवून अँजिओग्राफी केली; दुसऱ्याला थेट अँजिओप्लास्टीसाठी नेलं. मृत्यू, शॉक, हार्ट फेल्युअर, पुन्हा ॲटॅक यांचं मिळून प्रमाण पहिल्या गटात १२.४ टक्के, दुसऱ्यात १४.३ टक्के. सुमारे ३६ टक्के पेशंटांची रक्तवाहिनी इंजेक्शनने न उघडल्याने त्यांना तातडीने कॅथलॅबमध्ये न्यावं लागलं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही सुरुवातीला थोडा जास्त दिसला, म्हणून ७५ वर्षांवरच्या पेशंटांचा डोस निम्म्यावर आणला गेला. इंजेक्शन दिलं म्हणजे काम संपलं असं म्हणता येत नाही; पुढे कॅथलॅबपर्यंत जाणं आहेच. पण वाटेतला वेळ वाया जात नाही.

हे भारतात करून दाखवलं तामिळनाडूने. कोइम्बतूरचे डॉ. थॉमस अलेक्झांडर आणि चेन्नईचे डॉ. अजित मुल्लसरी यांच्या पुढाकाराने छोट्या रुग्णालयांना एका मोठ्या केंद्राशी जोडलं गेलं. पट्टी काढायची, ती मोठ्या केंद्राला लगेच पाठवायची, जिथे पेशंट आहे तिथेच इंजेक्शन द्यायचं आणि मग रुग्णवाहिकेतून हलवायचं. २,४२० पेशंटांच्या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रानेही ‘स्टेमी महाराष्ट्र’ नावाने असाच प्रकल्प हाती घेतला. राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका २०१४ मध्ये सुरू झाल्या. जालन्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं. साखळीतल्या बऱ्याच कड्या आता आहेत. अंबडच्या सरकारी दवाखान्यात पट्टी पाच-दहा मिनिटांत निघते का, ती वाचणारा माणूस फोनच्या पलीकडे रात्री दोनला जागा असतो का आणि इंजेक्शनची कुपी फ्रीजमध्ये असते का, या तीन प्रश्नांच्या उत्तरावर तालुक्यातले जीव अवलंबून आहेत. शहरात आणखी एक कॅथलॅब उघडल्याने ते तितके वाचणार नाहीत.

ॲटॅकच्या वेळी बंद झालेल्या रक्तवाहिनीसोबत दुसऱ्या रक्तवाहिन्यांमध्येही अडथळे सापडतात, त्यांचं काय करायचं? या जुन्या वादाचा निकाल २०१९ च्या ‘कम्प्लीट’ अभ्यासाने बराचसा लावला. ४,०४१ पेशंटांमध्ये उरलेल्या अडथळ्यांवरही नंतर स्टेंट टाकलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा ॲटॅक ७.८ टक्के, न टाकलेल्यांत १०.५ टक्के. ॲटॅक आलेल्या माणसाला ‘अजून एक टाकावा लागेल’ असं सांगितलं तर त्यामागे सबळ आधार आहे. घरच्यांनी हे ऐकून लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नये.

दुसऱ्या पेशंटचं सगळं वेगळं आहे. त्याला ॲटॅक आलेला नाही. चालताना छातीत भरून येतं, थांबलं की जातं; किंवा काहीच होत नाही. त्याच्या मनात आणि अनेकदा डॉक्टरच्या बोलण्यातही असा समज असतो की हा ब्लॉक वाढत जाईल, एक दिवस पूर्ण बंद होईल आणि ॲटॅक येईल. म्हणून आजच मोकळा करून टाकावा. समज पटण्यासारखा आहे. तो चूक आहे हे सिद्ध व्हायला मोठे अभ्यास लागले.

२००७ मध्ये ‘करेज’ अभ्यास आला. २,२८७ पेशंट, सगळ्यांना चांगली औषधं, त्यांतल्या निम्म्यांना त्याशिवाय अँजिओप्लास्टी. साडेचार वर्षांहून जास्त काळ पाहिल्यावर मृत्यू किंवा ॲटॅक अँजिओप्लास्टीवाल्यांत १९ टक्के, नुसत्या औषधवाल्यांत १८.५ टक्के. अनेक हृदयरोगतज्ज्ञांनी आक्षेप घेतले: स्टेंट जुने होते, गंभीर पेशंट घेतलेच नव्हते. त्या आक्षेपांना उत्तर म्हणून ३७ देशांत, ५,१७९ पेशंटांवर ‘इस्केमिया’ अभ्यास झाला. भारतातली रुग्णालयंही त्यात होती. तपासणीत हृदयाला रक्त कमी पडतंय असं स्पष्ट दिसलेले पेशंट निवडले, नव्या पिढीचे स्टेंट वापरले, गरज तिथे बायपासही केलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत स्टेंट-बायपासच्या गटात १४५ मृत्यू, औषधांच्या गटात १४४. इतक्या खर्चाच्या, इतक्या काळजीने आखलेल्या अभ्यासात एका माणसाचा फरक! छातीत दुखण्यात मात्र फरक पडला. ज्यांना रोज किंवा आठवड्याला दुखायचं त्यांच्यापैकी वर्षानंतर निम्मे दुखण्यातून मोकळे झाले. नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी वीसच टक्के. ज्यांना मुळात दुखतच नव्हतं, त्यांना काही मिळालं नाही.

दुखणं कमी होतं, तेही स्टेंटमुळे की काहीतरी केलं या समाधानामुळे? लंडनच्या रशा अल-लामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न धाडसाने तपासला. २०१७ च्या ‘ऑर्बिटा’मध्ये २०० पेशंटांना आधी सहा आठवडे नीट औषधं दिली, मग सगळ्यांना गुंगी देऊन टेबलावर घेतलं, निम्म्यांना स्टेंट टाकला, निम्म्यांना टाकला नाही, आणि कुणाला काय केलं हे पेशंटला कळू दिलं नाही. ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन्ही गटांत अवघ्या १६.६ सेकंदांचा फरक पडला, तोही योगायोगाने पडला असावा इतका लहान. २०२३ च्या दुसऱ्या ‘ऑर्बिटा’मध्ये दुखण्याची औषधं बंद ठेवून हाच प्रयोग ३०१ जणांवर केला, तेव्हा स्टेंटचा फायदा दिसला: बारा आठवड्यांनी स्टेंटवाल्यांपैकी ४० टक्के दुखण्यातून मुक्त, खोट्या प्रक्रियेच्या गटात १५ टक्के. स्टेंट दुखण्यावर काम करतो, ही गोष्ट आता शंकेच्या पलीकडे गेली आहे. पण स्टेंट नीट बसूनही निम्म्याहून जास्त जणांचं दुखणं पूर्ण गेलं नाही, हेही त्याच अभ्यासाने सांगितलं.

स्टेंटने पुढचा ॲटॅक का टळत नाही, हे रक्तवाहिनीच्या आत पाहिल्यावर समजतं. ॲटॅक आणणारी चरबीची गाठ बहुधा मऊ, पातळ पापुद्र्याची असते, पिकलेल्या फोडासारखी. ती फुटते आणि वर गुठळी धरते. फुटण्याआधी तिने वाट फारशी अडवलेली असतेच असं नाही. अँजिओग्राफीवर ठळक दिसणारा नव्वद टक्क्यांचा अडथळा अनेकदा जुना, कठीण, चुना साठलेला असतो. तो छातीत दुखवतो, पण फुटेलच असं नाही. २०११ च्या ‘प्रॉस्पेक्ट’ अभ्यासात ॲटॅकनंतर स्टेंट टाकलेल्या ६९७ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. पुन्हा झालेल्या त्रासाचं मूळ १२.९ टक्क्यांमध्ये स्टेंट टाकलेल्या जागी होतं आणि ११.६ टक्क्यांमध्ये दुसरीकडे. स्टेंट दीड-दोन सेंटिमीटरची जागा सांभाळतो, रोग मात्र सगळ्या रक्तवाहिन्यांमध्ये पसरलेला असतो. त्याच्यावर चालतात त्या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि तंबाखू सोडणं.

नुसत्या डोळ्यांनी टक्केवारी ठरवणंही पुरेसं नाही. २००९ च्या ‘फेम’ अभ्यासात बारीक तारेने अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजून, रक्त खरोखर अडतंय तिथेच स्टेंट टाकले. वर्षभरात मृत्यू, ॲटॅक किंवा पुन्हा प्रक्रिया यांचं प्रमाण १८.३ वरून १३.२ टक्क्यांवर आलं, आणि स्टेंटही कमी लागले. कमी स्टेंट टाकून पेशंट जास्त बरे राहिले, हे नीट ध्यानात घेण्यासारखं आहे.

मधुमेह असेल आणि दोन-तीन रक्तवाहिन्यांत अडथळे असतील तर उत्तर आणखी वेगळं येतं. ‘फ्रीडम’ अभ्यासात अशा १,९०० पेशंटांमध्ये पाच वर्षांत मृत्यू, ॲटॅक किंवा पक्षाघात स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, बायपासच्या गटात १८.७ टक्के. नुसते मृत्यू पाहिले तर १६.३ विरुद्ध १०.९. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे. बायपासला छाती उघडावी लागते, महिना-दीड महिना शेतात जाता येत नाही. स्टेंट टाकून तिसऱ्या दिवशी घरी येता येतं. माणूस दुसरा पर्याय निवडतो यात नवल नाही. पण निवडताना हा आकडा त्याच्या कानावर घालायला हवा, आणि तो शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या तोंडूनही ऐकायला मिळायला हवा.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पेशंटांना विचारलं तेव्हा ८८ टक्क्यांना वाटत होतं की ॲटॅक टाळण्यासाठी आपली अँजिओप्लास्टी होते आहे. अमेरिकेतच २०११ मध्ये पाच लाख अँजिओप्लास्टींची तपासणी झाली. ॲटॅकसारख्या तातडीच्या प्रसंगी केलेल्यांपैकी ९८.६ टक्के योग्य होत्या. तातडी नसलेल्यांपैकी फक्त ५०.४ टक्के निःसंशय योग्य, ३८ टक्के शंकास्पद आणि ११.६ टक्के अयोग्य निघाल्या. मेरीलँड राज्यातल्या एका रुग्णालयाने ५८५ पेशंटांना पत्र पाठवलं होतं की तुम्हाला टाकलेला स्टेंट कदाचित लागत नव्हता; संबंधित डॉक्टरचा परवाना २०११ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे डॉ. अरुण गद्रे यांनी ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’मध्ये ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींमधून कमिशन, टार्गेट, अनावश्यक तपासण्या यांची आतली बाजू लोकांपुढे आणली. तिच्यात आरोप करणारे बाहेरचे नव्हते, डॉक्टरच होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेतल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात मोफत तपासणी शिबिर झालं. तिथून १९ जणांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेलं, सात जणांची अँजिओप्लास्टी झाली आणि दोघे दगावले. घरच्यांना नीट सांगितलं गेलं नव्हतं, सरकारी योजनेच्या पैशांसाठी हे केलं, असे आरोप झाले. गुन्हे दाखल झाले. मराठवाड्यातही मोफत शिबिरांचे फलक दर महिन्याला लागतात. शिबिरं वाईट असतात असं मुळीच नाही; रक्तदाब आणि साखर कळण्याचा अनेकांसाठी तो एकमेव मार्ग असतो. पण शिबिरातून निघालेली गाडी थेट कॅथलॅबच्या दारात थांबत असेल, आणि पेशंटला छातीत दुखतच नसेल, तर घरच्यांनी एक दिवस थांबून दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखवावेत. ॲटॅक आलेला नसताना एक दिवस थांबल्याने सहसा काही बिघडत नाही.

पैशांचं बोलायचं तर परिस्थिती बरीच बदलली आहे. दिल्लीतले वकील बिरेंदर सांगवान यांनी स्टेंटच्या किमतीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवली: साधा स्टेंट ७,२६० रुपये, लेपाचा २९,६०० रुपये. त्याआधी लेपाच्या स्टेंटची छापील किंमत दोन लाखांच्या जवळ जायची, आणि काही ठिकाणी नफ्याचं प्रमाण ६५४ टक्क्यांपर्यंत असल्याचं प्राधिकरणानेच दाखवलं होतं. नंतर मर्यादा बदलत २०२३ मध्ये लेपाच्या स्टेंटसाठी अडतीस हजारांच्या आसपास पोहोचली. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. तो मागून घ्यावा. स्वदेशी म्हणून स्टेंट कमी प्रतीचा, हेही खरं नाही. सुरतेत बनणाऱ्या ‘सुप्राफ्लेक्स’ स्टेंटची युरोपातल्या १,४३५ पेशंटांवर ‘टॅलेंट’ अभ्यासात नामांकित अमेरिकी स्टेंटशी तुलना झाली. वर्षभरातला त्रास ४.९ विरुद्ध ५.३ टक्के, म्हणजे स्वदेशी स्टेंट जराही मागे नव्हता.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये जालन्यासह सगळ्या राज्यात आली, पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. जालना हा आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांपैकी एक असल्याने इथल्या पांढऱ्या रेशनकार्डवरच्या शेतकऱ्यांनाही त्यात घेतलं गेलं. या योजनेने हजारो घरं कर्जातून वाचवली आहेत, हे मनापासून मान्य करायला हवं. पण ती प्रामुख्याने दवाखान्यात भरती होऊन घेतलेल्या उपचारांचे पैसे देते. स्टेंट फुकट होतो. त्यानंतर वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळ्या मात्र पेशंटला बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून आणाव्या लागतात.

आणि इथेच केलेलं सगळं वाया जाऊ शकतं. स्टेंटनंतर ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर घ्यावी लागते. ॲटॅकनंतर साधारण वर्षभर, इतरांना सहा महिने, रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर मुदत कमी करतात. २००५ मध्ये २,२२९ पेशंटांच्या पाहणीत नऊ महिन्यांत स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण एकूण १.३ टक्के होतं. ज्यांनी गोळ्या मुदतीआधी बंद केल्या त्यांच्यात २९ टक्के. आणि गुठळी झालेल्यांपैकी ४५ टक्के दगावले. तेव्हाचे स्टेंट जुने होते, आज धोका बराच कमी आहे. तरी दात काढायचा म्हणून, महिन्याचे पैसे संपले म्हणून किंवा ‘ब्लॉक तर काढला, आता कशाला’ म्हणून गोळ्या बंद करणं फार महागात पडू शकतं. ‘प्युअर’ अभ्यासाने २०११ मध्ये दाखवलं की ॲटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांपैकी, भारताचा समावेश असलेल्या कमी उत्पन्नाच्या देशांच्या गटात, ८०.२ टक्के जण सिद्ध झालेलं एकही औषध घेत नव्हते. स्टॅटिन घेणारे ३.३ टक्के. राज्यातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू वापरतात, असं २०१६-१७ च्या पाहणीत आढळलं होतं. ॲटॅकनंतर धूम्रपान सोडणाऱ्यांमध्ये मृत्यू सुमारे ३६ टक्क्यांनी कमी होतात. ॲटॅक न आलेल्या माणसाला कुठल्याही स्टेंटने इतका फायदा दिलेला नाही.

अंबड तालुक्यात स्टेंट टाकून परत आलेल्या प्रत्येकाचं नाव त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत असावं, आणि आशाताईंनी रक्तदाब-साखरेच्या गोळ्यांसोबत त्याच्या स्टॅटिन आणि ॲस्पिरिनचीही चौकशी करावी, इतकी साधी सोय आजच्या यंत्रणेत बसू शकते. महात्मा फुले योजनेकडे प्रत्येक अँजिओप्लास्टीची नोंद मंजुरीच्या वेळीच होते: ॲटॅक होता का, दुखत होतं का, किती स्टेंट टाकले, कुठे टाकले. त्या नोंदीत एका वर्षानंतर माणूस जिवंत आहे का आणि गोळ्या घेतो आहे का, हे दोन रकाने वाढवून ती तालुक्यानुसार दरवर्षी जाहीर केली, तर जालना जिल्ह्यात कुणाला स्टेंट उशिरा मिळाला आणि कुणाला उगाच, हे परदेशातल्या अभ्यासांवर विसंबून न राहता जिल्ह्याला स्वतःलाच मोजता येईल.